भाकरीसारखा फुगणारा सूर

दत्ताराम भावोजींचा, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात होते. “शैलाताई, कुमुद गेली,” एवढंच म्हणाले. दुपारी मी रोह्याजवळ वरशाला त्यांच्या घरी पोचले. तिथं, आणि पुढं दहाव्यालाही, एकच वाक्य कानावर पडत राहिलं: “फार सोशिक बाई हो, संसार सांभाळून गिटारचा छंद जोपासला.” महिना उलटला तरी ते वाक्य मला टोचतं आहे. कुमुद सोशिक नव्हती. गिटार तिचा छंद नव्हता. आणि संसार तिनं सांभाळला, पण गिटार सांभाळून. हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही पेणच्या शाळेत एका बाकावरच्या. ती जोह्याची, घरचा गणपतींचा कारखाना. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडे असायची, इतका तिचा हात स्थिर. तिचा मामा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. हाताला कंप सुटला तसा तो गावी परतला आणि गिटार नि व्हॉल्वचा एक जुना ॲम्प्लिफायर भाचीच्या हवाली केला. तपकिरी कापडाची जाळी असलेली ती जडशीळ पेटी. बटण दाबलं की आतले काचेचे व्हॉल्व तापेपर्यंत थांबावं लागायचं, मग घरघर सुरू व्हायची आणि त्या घरघरीतून पहिला सूर यायचा. कारखान्यातल्या बायका रंगाचे ब्रश हातात धरून ऐकत राहायच्या. मामानं शिकवलं तेवढं ती शिकली, बाकीचं स्वतःच शोधलं.

लग्न होऊन वरशाला गेली तेव्हा ती पेटी टेंपोत कपाटाच्या आधी चढली. भावोजी कंपनीत, नाइट शिफ्ट करून सकाळी यायचे आणि कानात कापूस घालून झोपायचे. सासूबाई म्हणाल्या, “अगो, नवरा झोपलाय.” कुमुद म्हणाली, “व्हय, झोपलाय ना? मग त्याला तरास नाय.” भावोजी डोळे मिटून हसत होते, असं तीच मला सांगायची.

एकदा पेटीतला एक व्हॉल्व गेला. तसा व्हॉल्व आता मिळत नाही म्हणून रोह्यातल्या मेकॅनिकनं त्याच्या जागी डायोड बसवून दिले. आवाज मोठा झाला, स्वच्छही झाला. सगळ्यांना आवडला, मलाही. कुमुदनं दोनचार सूर छेडले आणि तोंड वाकडं केलं. “हा पापड झाला गो शैले. तेलात टाकला की फुगला. माझा सूर भाकरीसारखा होता. तार जोरात छेडली की आधी जरा दबायचा, मंग हलूहलू फुगायचा.” मी म्हटलं, “लोकांना तेवढं कळत नाही.” “मला कलतं ना!” ती मुंबईला गेली, जुन्या बाजारात दुकानं पालथी घातली आणि तसला व्हॉल्व साडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आली. डायोड काढायला लावले. त्या दिवशी मी नीट कान देऊन ऐकलं, आणि खरंच, सूर आधी दबला आणि मग फुगला.

पुढं स्पीकरचा कागदी पडदा फाटला. मेकॅनिक नवा स्पीकर घ्या म्हणाला. कुमुदनं पेटी जोह्याला नेली आणि भावाच्या कारखान्यातला पातळ कागद डिंकानं त्या चिरेवर स्वतः चिकटवला. तेव्हापासून वरचे सूर जरा मंदावले आणि खालच्या तारेला एक खरखर आली, पहाटेच्या घशासारखी. “मामाच्या वेळचा आवाज गेला,” मी म्हटलं. “गेला. आता हा माझा.”

आमचा बायकांचा वाद्यवृंद होता. मी गायचे, ती गिटारवर. एका गणेशोत्सवात मंडळाच्या सेक्रेटरींनी चकचकीत ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणून ठेवला. “ताई, हा घ्या. तुमचा डबा नुसता घरघरतो.” कुमुदनं दोन्ही शेजारी मांडले. एकच धून आधी एकावर वाजवली, मग दुसऱ्यावर, आणि माइकवरून लोकांना विचारलं, “कुठला बरा?” बहुतेक सगळे ओरडले, “नवा!” माझा चेहरा पडला. तिनं मान हलवली आणि वायर काढून शांतपणे आपल्या जुन्या पेटीत खुपसली. सेक्रेटरी चिडले, “मग विचारलंत कशाला?” कुमुद म्हणाली, “तुमाला काय आवडतं ते इचारलं. मी कशावर वाजवायचं ते कुटं इचारलं?” आणि वाजवायला लागली. काही लोक उठून गेले. बरेच बसले.

पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. तर तिनं चतुर्थीनंतर हमरापूरच्या एका कारखान्यात कार्यक्रम लावला. मूर्ती सगळ्या गेलेल्या, शेड रिकामी, जमिनीवर पडलेले रंगांचे ठिपके. समोर वर्षभर तिथं राबणाऱ्या बायका. तो आमचा सगळ्यांत चांगला कार्यक्रम. मग दरवर्षी तिथंच.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. डॉक्टर म्हणाले, आता विश्रांती. मी भेटायला गेले ती रडायची तयारी करूनच. पाहते तर बाई खाटेवर बसलेली, गिटार मांडीवर आडवी, आणि डाव्या मुठीत नळाच्या पाइपचा गुळगुळीत तुकडा. एकेक बोट उठत नव्हतं, पण मूठ वळत होती. तो तुकडा ती तारांवरून सरकवत होती. सूर घसरत होते, मधेच बेसूर होत होते. “कुमुद, दमशील गं,” मी म्हटलं. “बोटं गेली,” ती म्हणाली, “मूठ हाय.”

या खेपेचा झटका मात्र मोठा होता...

तेराव्यानंतर पुण्याहून एक गृहस्थ आले. जुनी वाद्यं जमवणारे, ॲम्प्लिफायरची माहिती असणारे. पेटी मागत होते. ठिगळाचा स्पीकर काढून तिथं कंपनीचा मूळचा बसवू, अगदी पहिल्यासारखी करू, असं आपुलकीनं म्हणाले. आयुष्यभर कापूस घालून झोपलेले भावोजी काय बोलतात, म्हणून मी बघत होते. ते म्हणाले, “पहिल्यासारखी तिलाच नको होती. हाय तशी हाय. चहा घ्या.”

मागच्या रविवारी मी पुन्हा वरशाला गेले. संध्याकाळी भावोजींनी पेटीचं बटण दाबलं. रोज दाबतात म्हणे. व्हॉल्व तापले, घरघर खोलीभर पसरली. आम्ही दोघं बसून होतो. मग त्यांनी गिटारची जाडी तार अंगठ्यानं छेडली. त्यांना वाजवता येत नाही. तरी सूर दबला, फुगला, खरखरला. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, “काका, जरा कमी करा की!”

भावोजींनी हात पुढं करून आवाज वाढवला.