दाजींची दस्ती

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, जन्माला येण्याआधी पाळण्यातही दस्ती टाकून ठेवली असणार, याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नाही. दस्ती म्हणजे रुमाल. पुण्याकडचे लोक गाडीत रुमाल टाकून जागा धरतात, आमच्या लातूरकडे दस्ती टाकतात. बाकीची माणसं तेवढ्यावर थांबतात. दाजी थांबत नाहीत. एसटीचं बाकडं, लग्नातली पंगत, न्हाव्याची खुर्ची, भाव न ठरलेलं टरबूज, कशावरही त्यांची दस्ती पडते आणि पडली की ब्रह्मदेवानंही ती उचलायची नसते. एकदा निलंग्याच्या स्टँडवर एका गृहस्थानं सीटवर टोपी ठेवून जागा धरली होती. दाजींनी ती उचलून अदबीनं त्याच्या हातात दिली. "टोपी चालत न्हाई. टोपी माणूस इसरून बी जातो. दस्ती मुद्दाम टाकावी लागती. त्यात नियत कळती." तो गृहस्थ खवळला, कंडक्टर आला, गाडी खोळंबली. हे कोण आहेत ते मला ठाऊकच नाही, असा चेहरा करून मी खिडकीबाहेर बघत बसलो, तर दाजी सगळ्यांदेखत ओरडले, "पाव्हणं, सांगा की यास्नी!"

लातुरात क्लासांचं पेव फुटलं तेव्हा तर माझे हालच झाले. मी घरावर एक खोली चढवली होती. गिलावा ओला होता. दाजी बघायला म्हणून आले, खिळ्याला दस्ती अडकवली आणि चहा पिऊन गेले. जूनमध्ये त्या खोलीत त्यांची मुलगी आली, हे रास्तच. पुढच्या वर्षापासून मात्र ट्रंका घेऊन कुणाकुणाची मुलं यायला लागली. एक तर थेट नांदेडकडच्या उमरीहून आला. "हा कुणाचा?" बायकोनं विचारलं. दाजी म्हणाले, "माझ्या दोस्ताच्या साडूचा. घरचाच समजा." मुलीच्या क्लासच्या पहिल्या दिवशी दाजींनी पहाटेच जाऊन पुढच्या बाकावर दस्ती पसरली. तिथं मार्कांप्रमाणे बसवत. सरांनी दस्ती दोन बोटांत धरून वर केली. "हे कुणाचं?" दारातून दाजी गरजले, "हात लावू नका सर, जागा धरल्याली हाय!" पोरगी शरमेनं वर्षभर शेवटच्या बाकावर बसली. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की दाजी, आता पुरे. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमाला धरायची सवयच न्हाई."

एकदा मात्र मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो, की पुन्हा तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. ही गोष्ट क्लासांच्या आधीची, भूकंपाची. दाजींचं गाव किल्लारीजवळचं. दगडमातीची घरं बसली, त्यात त्यांचंही बसलं. अंगणात निजली होती म्हणून ताई आणि मुलं वाचली. मी त्यांना लातूरला न्यायला गेलो, तर ती ताडपत्रीखाली, आणि दाजी गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडच्या उंबऱ्यावर ठाण मांडून. आत जमिनीवर दस्ती पसरलेली. शेड शेजारच्या चाचींसाठी धरलेलं. शिवणकाम करून एकट्या राहणाऱ्या चाची, पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात होत्या. वाटप करणारे साहेब वैतागले होते. "अहो, शेड माणसाला मिळतं, रुमालाला नाही."

"माणूस येतंय साहेब. तंवर दस्तीच माणूस."

"दाजी, पोरं पावसात भिजताहेत," मी म्हणालो. "चला." ते हलेनात. ताई रडली, मी वाट्टेल ते बोललो. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि तिथंच बसून राहिले. शेवटी ताईला आणि मुलांना घेऊन मी निघून आलो.

पुढच्या आठवड्यात ताईनंच मला परत पाठवलं. मी पोचलो तेव्हा जीपमधून चाचींना उतरवत होते. पायाला प्लास्टर, अंगावर दवाखान्याची चादर. शेडपुढं त्या थबकल्या. "ये किसका है?"

"तुमचंच, चाची," दाजी म्हणाले. दस्ती उचलून त्यांनी झटकली, त्या दस्तीनंच कुठूनशी मागून आणलेली खाट पुसली. "बसा."

चाची बसल्या. पत्र्याकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावला. दाजी बाहेर आले. दाढी वाढलेली, सदरा चिखलानं माखलेला.

"आणि तुमचं शेड कोणतं?" मी विचारलं.

त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. सगळ्या दारांत माणसं बसलेली होती. "आपलं धरायचं राहिलंच की," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात, "पाव्हणं, तुमच्याकडं जागा हाय का?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि स्कूटरकडे चालू लागलो.