मारुलाचं मडकं

अरुंधतीबाईंच्या घरात भांडं खरकटं राहिलं, असं जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये कुणाची म्हणायची छाती नाही. अठरा वर्षं झाली, डिशवॉशरमधून निघालेली ताटंसुद्धा त्या पुन्हा विसळतात. या हौसेनंच एकदा त्यांचा घात केला.

वरच्या मजल्यावर लिंडिवे राहते. मूळची आफ्रिकेतल्या एस्वातिनीची, इथे नर्स. तिच्या मुलखात फेब्रुवारीत मारुलाची पिवळी रानफळं पडतात, बाया त्यांची बिअर करतात. थोरांना पहिला घोट दिल्याशिवाय कुणी ती तोंडाला लावत नाही. लिंडिवे हा सण इथेही करते, गोठवलेला गर मागवून, आईनं दिलेल्या मडक्यात. यंदा जानेवारीत आई गेली. तिच्या मातीला जाताना लिंडिवेनं मडकं बाईंकडे ठेवलं.

मडक्यात आतून तपकिरी थर, वास आंबूस. बाईंना राहवेना. गरम पाणी, साबण, काथ्या. मडकं लख्ख झालं. रिकामं परत देऊ नये म्हणून त्यांनी आत मूठभर साखरही घातली.

बुधवारी लिंडिवेचा विमानतळावरून फोन आला. "मडक्याला पाणी लावू नकोस हं. त्या थरावरच गर आंबतो. रविवारी सगळे येणार आहेत."

फोन ठेवून बाई नवऱ्याकडे धावल्या.

"अहो, मी विरजणाचं भांडं घासून ठेवलं!"

"गप्प बस," श्रीपादराव म्हणाले. "नाहीच आंबलं, तर म्हणू थंडी फार होती."

सल्ला सोयीचा होता. दोन तास बाई त्याच्याशी झुंजल्या. जिन्यात पाऊल वाजलं की त्या दारापर्यंत जाऊन परत यायच्या. मेलेल्या आईचा हात आपण साबणानं धुऊन टाकला, हे सांगायचं कसं? शेवटी बेल वाजली आणि त्यांनी मडकं पुढे करून सगळं सांगितलं.

लिंडिवेनं आत पाहिलं. तळाशी साखर होती. मडकं मांडीवर घेऊन ती जिन्यावरच बसली.

"आईनं एकदा फ्रांकफुर्टच्या मावशीला या मडक्यातला गाळ दिला होता, विरजणाला," ती म्हणाली. "तिच्याकडे असेल. पण आईचं मडकं धुतलं गेलं, हे मला तिला सांगवणार नाही."

"मी जाते."

गुरुवारी सकाळी बाई एस-बानच्या लोकलमध्ये बसल्या. मावशीनं त्यांना दारातच उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं, दोन शब्द सुनावले आणि मग बाटली दिली. येताना बाई ती मांडीवर धरून, फुगून फुटू नये म्हणून दर स्टेशनाला झाकण सैल करत होत्या. संध्याकाळी लिंडिवेनं तो गाळ आणि मारुलाचा गर मडक्यात घातला. शुक्रवारी मडकं गप्प होतं. शनिवारी चार वेळा वर जाऊन त्यांनी कान लावला. रविवारी पहाटे फेस आला, आणि बाई चक्क रडल्या.

पहिला पेला मावशीला गेला. पाहुणे पांगल्यावर लिंडिवेनं तळाचा गाळ बाटलीत भरून बाईंच्या हातात ठेवला.

"हा तुझ्याकडे असू दे. माझ्याकडचा गेला, तर मागायला शेजारी कुणी हवं."

घरी आल्यावर बाईंनी पाहिलं, बाटलीवर चिकट ओघळ होते. हात सवयीनं नळाकडे गेला. मग त्यांनी बाटली तशीच फ्रीजमध्ये ठेवली, दह्याशेजारी.