रंगनाथ मास्तरांची कॉलर

देवळाली कॅम्पच्या बाजारात रंगनाथ मास्तरांकडे मी अकरा वर्षं काज-बटणं केली. माणूस महाहट्टी. त्यांच्या गळ्यात टेप मी कधी पाहिली नाही. मुलगी समोर उभी राहिली की डोळे बारीक करून एकदा बघायचे आणि सरळ कापडाला कात्री लावायचे. फ्रॉक असा बसायचा की लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका दुसऱ्या शिंप्याकडे फिरकत नसत.

पण मापाची वही नाही, कागदी नमुना नाही. त्या बायकांच्या नवऱ्यांच्या दोन-तीन वर्षांनी बदल्या व्हायच्या. मग पठाणकोटहून, जोधपूरहून पत्र यायचं, मागच्यासारखाच फ्रॉक पाठवा.

"मास्तर, एकदा कागदावर उतरवून ठेवत जा हो," मी म्हणायचे.

"केलेलंच परत करायला मी काय रबरी शिक्का आहे?"

मला भयंकर राग यायचा. बाजारात तयार कपडे आले, गिऱ्हाईक आटलं आणि पंच्याऐंशीत दुकान बंद पडलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ते खोलीत एकटेच राहू लागले.

मी नाशकात गंगापूर रोडला शिलाईची दोन मशिनं टाकली आणि दुकानांना तयार फ्रॉक पुरवू लागले. फ्रॉकचे पाच आकार खाकी कागदावर कापून भिंतीला टांगले. माझा हात बेताचाच, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दहावा फ्रॉक पहिल्यासारखा निघायचा आणि वेळेवर पोचायचा, म्हणून दुकानदार टिकले.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी मास्तर दारात उभे. "कटिंगला माणूस हवाय का, विमलाबाई?"

ज्यांच्याकडे शिकले, ते माझ्याकडे काम मागत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा दिला आणि म्हटलं, "एकच अट, मास्तर. कागदाप्रमाणे कापायचं." त्यांनी मान डोलावली.

चार दिवस नीट गेले. मग मी माल द्यायला पिंपळगाव बसवंतला गेले, दोन दिवस तिकडेच अडकले. परत येते तर एका दुकानाचे तीसच्या तीस फ्रॉक शिवून तयार, आणि सगळ्यांची कॉलर बदललेली. एका बाजूनं पान दुमडल्यासारखी. इतकी देखणी की मी एकेक फ्रॉक उचलून बघत राहिले.

दुकानदारानं माल घेतला नाही. त्याला दाखवलेला नमुना वेगळा होता.

"उद्यापासून येऊ नका," मी म्हणाले.

"बरं," म्हणून मास्तर गेले.

ते फ्रॉक मी रागारागानं दारातच टांगले. दोन दिवसांत सगळे खपले. एक नमुन्याला ठेवावा हे मलाही सुचलं नाही. मग बायका रोज यायला लागल्या, तीच कॉलर हवी म्हणून.

शेवटी कापड आणि खाकी कागद घेऊन मी कॅम्पात गेले. मास्तर खोलीत स्टोव्हशी बसले होते. "मास्तर, ती कॉलर एकदा कागदावर कापून द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी कात्री उचलली. डोळे बारीक करून कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग कात्री खाली ठेवली.

"आठवत नाही हो. त्या दिवशी हात गेला तिकडे." मग कापड पसरत, अगदी हळू, "दुसरी करू का?"

बायकांना तीच हवी होती.

"नको," मी म्हणाले, आणि कापडाची घडी घातली.