गोल मोठा करा

अंबडला माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची आणि वर आकार टाकायचे: गोल, चौकोन, तारा, बदाम. नवरा-नवरी बदामात बसली की पाहुणे खूश. मला त्या बदामांचा वीट आल्ता. आकाराची कड मऊ करायची, माणूस चालला की आकारही त्याच्याबरोबर चालवायचा, यात खरं कसब. ते तालुक्यात फक्त मलाच येतं, अशी माझी भलतीच मिजास.

एकदा शहागडकडचे एक गृहस्थ आले. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग मीच केल्तं. म्हणाले, "आमच्या पोरीला स्थळ आलंय. त्यांना ही कॅसेट दाखवायचीय. गर्दीत ती कुठंय ते कळलं पाहिजे. जिथं दिसंल तिथं गोल करा."

असं काम नेहमीचंच. मुलगी बघायला येण्याआधी लोक कॅसेट मागवायचे. मी पिवळा गोल घेतला आणि थोडंथोडं चित्र पुढं सरकवत तिच्याभोवती लावत गेलो. मांडवात, पंगतीत, वरातीत. कामाच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, गोलात दरवेळी आणखी एक जण येतोय. नवरदेवाचा मित्र. ती पाणी वाढते, तर ग्लास यानं पुढं केलेला. ती हसली की हा खाली बघतो. मी गोल बारीक केला, तिचा चेहराच मावेल एवढा, आणि बाहेरचं सगळं अंधुक करून टाकलं.

गृहस्थ बघायला आले. खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मोठा करा."

"चेहरा नीट दिसू राह्यलाय की."

"बाजूचं दिसू द्या." मंग माझ्याकडं वळले. "तुम्ही पण पाह्यलं, न्हाई का?"

आवाज बिलकुल चढला नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. स्थळाची थाप होती; कोणीतरी कान भरले होते आणि यांना डोळ्यांनी बघायचं होतं. कॅसेट खराब झाली म्हणता आलं असतं. पण मी तसं म्हटलं न्हाई. माऊस धरला, गोल ओढला. तो पोरगा आत आला.

"बराबर," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत तिचं लग्न दुसरीकडंच काढलं, आणि शूटिंगला मलाच बोलावलं. त्या पोराची मी चौकशी केल्ती. जालन्यातल्या त्याच्या खोलीला कुलूप होतं, आणि शेजारी त्याच्याबद्दल बोलायलाच तयार नव्हते.

हळदीला ती पाटावर बसल्ती. मी कॅमेरा जवळ नेला. तिनं वर न बघता हळूच विचारलं, "दादा, आता कोणाला दाखवायचंय?"

माझा हात खाली आला. समोरून तिच्या बापानं मान हलवली, चालू ठेवा म्हणून. मी कॅमेरा परत खांद्यावर घेतला.