अल्वाचा ट्रक बंद पडला तो दिवस

उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत जुन्या शर्यतीच्या गाड्या मांडतात. त्यात क्लेटस बाउमनची निळी मिजेट असते. क्लेटस गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. गाडी इतकी बुटकी की शेजारी उभ्या माणसाच्या कमरेला जेमतेम पोचते. बघणारे वाकून आत डोकावतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "आजोबा, ही पळायची किती?"

मी सांगतो. मैलभर लांबीच्या मोठ्या गोलावर, म्हणजे शर्यतीच्या गोल मार्गावर, ताशी शंभर मैलांच्या आसपास. अर्ध्या मैलाच्या गोलावर ऐंशीच्या आतबाहेर. आमचा गोल पाव मैलाचा, मातीचा. तिथे सोळा सेकंदांत फेरी मारणारा चांगला ड्रायव्हर, आणि साडेपंधरात मारणारा नावाजलेला. साडेपंधरा सेकंद म्हणजे ताशी अठ्ठावन्न मैल. हा आकडा ऐकला की लोकांची तोंडं पडतात, कारण त्यांची घरची गाडी बायकामुलांना घेऊन याहून जोरात जाते. आमच्या गोलावर सरळ रस्ता असा नव्हताच. एक वळण संपायच्या आत दुसरं समोर यायचं, गाडी सगळा वेळ आडवी घसरत असायची आणि पुढच्याच्या चाकांची ओली माती तोंडावर बसायची. हे कसं सांगायचं ते मला जमत नाही.

आणखी एक सांगायचं राहून जातं. ही गाडी आपली आपण एक इंचही हलत नसे. तिला स्टार्टर नाही, क्लच नाही, बॅटरी नाही. मागून ट्रकने ढकलायचं, वेग आला की ड्रायव्हरने बटण दाबायचं, मग इंजिन पेटणार. आमच्याकडे ढकलणारा अल्वा रोरर होता. गेल्या मार्चमध्ये ब्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला. त्याच्याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात, ती चुकीची आहे. ती दुरुस्त करावी म्हणून लिहायला बसलो आहे. मला लिहायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

अल्वा दुधाचा ट्रक चालवायचा. पहाटे शेताशेतावरून दुधाचे कॅन गोळा करून डेअरीत पोचवायचे, आणि शनिवारी दुपारी तोच ट्रक धुऊन गोलावर आणायचा. पुढच्या बंपरला त्याने एक जाड फळी बांधली होती आणि तिच्यावर जुन्या टायरचे तुकडे ठोकले होते. स्वतः उंच, काटकुळा. मिशा सफाचट आणि दाढी मात्र छातीपर्यंत, कारण त्याची मंडळी जुन्या वळणाची होती. त्यांच्या चर्चमध्ये शर्यत म्हणजे पाप. एकदा तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बोलावून खडसावलं, तेव्हा अल्वा म्हणाला, "मी कुठे शर्यत लावतो? मी फक्त मागून ढकलतो. पुढे पोरं काय करतात ते त्यांचं त्यांनी बघावं." हे उत्तर त्यांनी कसं मान्य केलं देव जाणे.

ढकलण्यातही कसब लागतं. दुसऱ्या गावचे ढकलणारे मागून असे धडकायचे की दात वाजावेत. अल्वाची फळी शेपटीला कधी टेकली ते कळायचंसुद्धा नाही. आपण मागे वळून हात वर करायचा, म्हणजे मी तयार. मग गाडी नुसती पाण्यावर सोडल्यासारखी चालू लागायची. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. लढाईची चार वर्षं सोडली तर तो पस्तीस सालापासून ढकलत होता, आणि त्याच्या ट्रकमुळे कुणाची फेरी कधी चुकली नव्हती. कुणी कौतुक केलं तर म्हणायचा, "गायी थांबत नाहीत. जो ट्रक गायींना उशीर करत नाही, तो तुम्हाला कशाला करेल?"

आता एकावन्न सालच्या सप्टेंबरबद्दल. घरोघरी टेलिव्हिजन आले होते, बाकं रिकामी राहू लागली होती. जागा भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्याला विकली गेली होती आणि तो शनिवार गोलावरचा शेवटचा. आमच्या गोलावर पंधरा सेकंदांच्या आत कुणीही फेरी मारली नव्हती. पाव मैल पंधरा सेकंदांत, म्हणजे मिनिटाला मैल. त्या उन्हाळ्यात माझी सगळ्यात चांगली फेरी पंधरा पूर्णांक दोनची होती.

हे मला कशासाठी हवं होतं ते सांगतो. वेळ मोजायला धान्याच्या गिरणीवाल्यांची नोरीन बसायची. घड्याळ तिच्या हातात आणि समोर वही. सेकंदाच्या दहाव्या भागाचीही ती कुणावर मेहरबानी करत नसे. मी तेवीस वर्षांचा, आणि दोन वर्षांत तिच्याशी 'आज ऊन आहे' यापलीकडे बोललो नव्हतो. वाटायचं, तिनेच आपल्या तोंडाने 'वेंडेल, चौदा पूर्णांक नऊ' असं वाचलं तर मला काही बोलावंच लागणार नाही. आणि हे होण्यासाठी आता एकच शनिवार उरला होता.

पाच वाजता सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी अल्वानेच पाणी मारलं होतं आणि माती अगदी बेताची ओली होती. तिसऱ्या फेरीत माझं पुढचं चाक एका चाकोरीत अडकलं, गाडी एका कुशीवर गेली, कुंपणाच्या फळ्यांवर माझं डोकं आपटलं आणि गाडी पुन्हा चाकांवर उभी राहिली. शिरस्त्राण चेंबलं. गाडीला मात्र फारसं काही झालं नाही.

त्या काळी आमच्याकडे ॲम्ब्युलन्स म्हणजे गावातल्या अंत्यविधीवाल्याची लांबडी काळी गाडी. जिवंत असो की मेलेला, धंदा त्याचाच. त्याने माझं नाव विचारलं, जिल्हा विचारला, राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं.

"ठीक आहे हा," तो म्हणाला.

"वाईट वाटलं का?" क्लेटसने त्याला विचारलं. गाडी क्लेटसची, गॅरेजही त्याचंच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चालवशील?"

"चालवतो."

"डोकं?"

"जागेवर आहे."

"तसंही तू ते कधी वापरतोस," क्लेटस म्हणाला, आणि दोघातिघांनी मिळून स्टिअरिंग सरळ केलं.

वेळ नोंदवायला प्रत्येकाला एकट्याने दोन फेऱ्या मिळत. माझा नंबर शेवटचा. मी आत बसलो, पेट्रोलचा हातपंप मारला, मागे वळून हात वर केला. फळी शेपटीला टेकली. गाडी दहाएक फूट सरकली आणि थांबली. मागे ट्रकचा आवाजच नाही.

"अल्वा! काय झालं रे?" क्लेटस ओरडला.

"बंद पडला."

"काय बंद पडला?"

"ट्रक."

"हा ट्रक कधी बंद पडतो?"

"आज पडला. म्हातारा झालाय बिचारा."

"मग पुढून हँडल फिरवून चालू कर ना!"

"हँडल घरी राहिलं."

"घरी? अरे, हँडल घरी ठेवून दूध गोळा करतोस? का गायींनी आज सुट्टी घेतली?"

शर्यत सोडणाऱ्या झेंडेवाल्याने तीन मिनिटं दिली. दुसरा ट्रक नव्हता. शेवटच्या त्या मोसमात ढकलायला अल्वा एकटाच उरला होता. चौघांनी हातांनी ढकलून पाहिलं. ओल्या मातीत बूट घसरले, दोघे उताणे पडले, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अल्वा, गाय जुंप की पुढे!" सगळे हसले. अल्वा सीटवरून उठलासुद्धा नाही. हात लावायला खाली उतरला नाही, हे सगळ्यांना जास्त लागलं.

वेळ संपली. झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळला. मी शिरस्त्राण फेकलं आणि अल्वाला खाली ओढायला निघालो. मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही, पण त्या दिवशी उचलला असता. मला ट्रकचं दार आठवतं. पुढचं काही आठवत नाही. लोक सांगतात, मी गुडघ्यांवर बसलो, ओकलो आणि आडवा झालो.

त्याच काळ्या गाडीतून मला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढलं. वडिलांना ते म्हणाले, आणखी एक-दोन फेऱ्यांचे हादरे बसले असते तर आमच्या हातात काही उरलं नसतं. सहा आठवडे मी अंथरुणात होतो. तिसऱ्या रविवारी नोरीन ॲपल पाय घेऊन आली, तासभर बसली आणि एकटीच बोलली. मला बोलावं लागलं नाही. पुढच्या जूनमध्ये आमचं लग्न झालं. पुन्हा मी शर्यतीत उतरलो नाही. गोलाच्या जागी कारखाना झाला, तेव्हा मिनिटाला मैल तिथे कुणाचाच झाला नाही.

गावाने या सगळ्याचं नाव नशीब ठेवलं. ट्रक ऐन वेळी बंद पडला म्हणून पोरगा वाचला. आणि चेष्टा आली अल्वाच्या वाट्याला. न्हाव्याकडे गेला तरी "अल्वा, हँडल आणलंस ना?" एकदा तर कुणी त्याच्या टपालपेटीला लाल फीत बांधून हँडल लटकवलं. तो हसायचा. नव्या कुणाला ओळख करून देताना लोक 'ज्याचा ट्रक बंद पडला तो' असं म्हणायचे. सोळा-सतरा वर्षांत ज्याने कुणाची फेरी चुकवली नाही, त्याची ही ओळख. मीही त्या हसण्यात होतो.

दहा-अकरा वर्षांनी अल्वाने तो ट्रक विकायला काढला. तोवर मी क्लेटसच्या गॅरेजात कामाला होतो. ट्रक तपासायला अल्वाच्या अंगणात गेलो. दाराजवळ खाली, पायाशी, हँडल अडकवायची लोखंडी पकड वेल्डिंग करून बसवलेली होती. हँडल तिच्यात होतं आणि वर्षानुवर्षं घासून पकडीत त्याची खाच पडली होती.

"अल्वा, हे हँडल कायम इथेच असतं?"

"मग काय चर्चमध्ये ठेवू?"

"आणि त्या दिवशी?"

त्याने दाढी खाजवली. रस्त्याकडे पाहिलं. "त्या दिवशी मी त्याच्यावर बसलो होतो. क्लेटस डोकावणार हे ठाऊक होतं. तीन मिनिटं बसलो, पोरा. अजून दुखतं."

मी हँडल पकडीतून काढून हातात घेतलं. शेवटी विचारलं, "तुला कळलं कसं?"

"तू मागे वळून हात केलास तो मला नव्हे, माझ्या डावीकडच्या मोकळ्या जागेला. आणि म्हणालास, 'दोघं एकदम ढकलू नका रे.' मी फळी टेकवली. मग म्हटलं, दोघं? दुसरा कोण?"

"मग सांगायचंस ना झेंडेवाल्याला."

"काळ्या गाडीवाल्याने तुला पास केलं होतं. मी कोण? ढकलणारा. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही मला उतरवून ट्रक दुसऱ्या कुणाच्या हाती दिला असता, आणि तू रागाने आणखी जोरात गेला असतास. माणसाशी भांडता येतं. बंद ट्रकशी काय भांडशील?"

"पण नंतर? इतकी वर्षं लोक तुला हसतात."

"हसू देत. मी खरं बोललो असतो तर क्लेटसला काय वाटलं असतं? डोकं फुटलेल्या पोराला आपण गाडीत बसवलं, हे त्याला जन्मभर खात राहिलं असतं. ट्रकला कुठे वाईट वाटतं?" मग म्हणाला, "क्लेटस आहे तोवर तोंड उघडू नकोस."

मी उघडलं नाही. तोंड न उघडणं मला सोपंच जातं.

क्लेटस गेला आणि त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे आता पाच वर्षं झाली, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आम्हा जुन्या शर्यतवाल्यांचं जेवण होतं. तळलेलं डुकराचं मांस, कणसं, दुधासाखरेचा गोड पाय. अल्वा सत्त्याऐंशीचा. कुणीतरी पुन्हा फीत बांधलेलं हँडल त्याच्या हातात दिलं आणि सगळे टेबलं बडवायला लागले. मी उठून उभा राहिलो. नोरीनने माझी बाही धरली. तिला वाटलं मला काही होतंय.

"ट्रक बंद पडला नव्हता," मी म्हणालो. "अल्वाने मुद्दाम बंद केला होता. मला दोन दोन दिसत होतं, ते त्याने ओळखलं. त्याने मला ढकललं नाही, म्हणून मी..."

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका," अल्वा बसल्या जागेवरून म्हणाला. "त्याच्या डोक्याला मार लागलाय."

हॉल असा हसला की माझं वाक्य राहिलंच. मी खाली बसलो. अल्वाने आपली गोडाची बशी माझ्यापुढे सरकवली. "खा," तो हळूच म्हणाला, "आणि गप्प बस."

मार्चमध्ये त्याला पुरलं तेव्हा प्रार्थनेनंतर लोकांनी तीच हँडलची गोष्ट सांगितली. प्रेमानेच सांगितली. मी पुन्हा गप्प राहिलो आणि घरी येऊन मला फार लाज वाटली.

म्हणून ते वाक्य इथे पुरं करतो. अल्वा रोररचा ट्रक उत्तम चालत होता. त्याने मला ढकललं नाही, म्हणून नोरीनबरोबर मला सत्तेचाळीस वर्षं मिळाली, दोन मुली मिळाल्या, आणि आज सकाळी अंगणातल्या टोमॅटोंना पाणी घालायला मिळालं. आमच्या गोलावर साठ मैलांचा वेग कसा असतो ते मला अजून माहीत नाही. त्याबद्दल मी अल्वाचा आभारी आहे.