होडीच्या रंगाचे आकडे

विमानवाल्यांची जुनी घड्याळं जमवणारा एक माणूस बोईसरहून आमच्या घिवलीला आला होता. समुद्रात पडलेल्या गोऱ्या वैमानिकाला माझ्या बापानं होडीत घेतलं, तेव्हा त्यानं दिलेलं घड्याळ मी पुढं केलं. माणसानं आधी रुमालाला हात पुसले, मग डोळ्याला भिंग लावलं.

"काका, आकडे कोणी रंगवले?"

"मीच. फिके पडलेले. होडीचा रंग उरला होता."

त्यानं भिंग खिशात टाकलं. "फिकेच ठेवायचे होते. आता यात काही उरलं नाही."

"बिनरंगाची होडी आमी पाण्यात घालत नाय," मी म्हणालो.

घड्याळ चालू होतं. त्यानं ते कानाला लावलं नाही, बापाचं नावही विचारलं नाही. यंदा होडी रंगवायला बसलो, तर ब्रश उचलवेना.