हातचे की साच्यातले

संकष्टीला मी कल्याणहून टिटवाळ्याला जातो आणि उकडीचे मोदक एकाच बाईंकडून घेतो. नाव कधी विचारलं नाही. कळ्या पाडताना त्या ओठ घट्ट मिटतात आणि मोदक झाला की स्वतःशीच मान हलवतात.

मोदक वळतानाचे व्हिडिओ त्या मोबाइलवरून टाकतात. मध्यंतरी त्यांच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक जण लिहू लागला, ‘साच्यातले मोदक हातचे म्हणून विकते.’ ऑर्डरी निम्म्यावर आल्या. त्यांची मुलगी माझ्यासमोरच म्हणाली, "आई, बंद कर ना ते व्हिडिओ."

"अगं, त्याच्याकडे घरी कोणी बघत नसेल. चिमटा काढून बघतोय, कोणी ओरडतंय का. मी नाही ओरडणार."

मला हे जमलं नसतं.

त्यांनी मोबाइल डब्याला टेकवला, लाइव्ह सुरू केलं आणि हाताकडे न बघता, कॅमेऱ्यात बघत एक मोदक वळला. मी कळ्या दोनदा मोजल्या आणि मोठ्याने सांगितलं, "एकवीस."

ऑर्डरी येऊ लागल्या. थोड्या वेळाने त्याच माणसाचं नाव पडद्यावर दिसलं. ‘ताई, माझे अकरा ठेवाल?’

बाईंनी पहिल्यांदाच त्याला उत्तर दिलं.

"ठेवते की, दादा. हातचे देऊ की साच्यातले?"